थरावर थर : त्रिमित मुद्रणाचा इतिहास



देवणीचे नाव दूरवर गेले ते येथल्या गोवंशामुळे. तेव्हा आजचा विषय परदेशात जन्मलेल्या एका यंत्राचा असला, तरी त्याची सुरुवात आपण देवणीच्या वळूपासूनच करू. समजा, काळ्या तोंडाच्या एका वानेरा वळूची वीतभर उंचीची प्रतिकृती आपल्याला करून घ्यावयाची आहे. सुताराकडे गेलो तर तो लाकडाचा ठोकळा घेईल आणि जे जे वळूचे नव्हे ते सारे तासून काढील. ओताऱ्याकडे गेलो तर तो आधी मेणाचा वळू करील, त्याभोवती माती लिंपून साचा तयार करील, मेण वितळवून बाहेर काढील आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओतील. पोळ्याच्या आदल्या दिवशी कुंभाराच्या दारी गेलो, तर तो मातीच्या गोळ्याला लागेल तेथे आणखी माती लावीत बैल उभा करून देईल. पहिला काढून टाकतो, दुसरा ओततो आणि तिसरा लावीत जातो.

माणसाने आजवर जे घडविले ते बहुतांशी या तीन वाटांनीच घडविले आहे. पैकी पहिल्या दोन वाटांवर यंत्र केव्हाच आले. तासण्यासाठी लेथ आली, ओतण्यासाठी मोठमोठ्या ओतशाळा आल्या. तिसरी वाट मात्र दीर्घकाळ कुंभाराच्या आणि गवंड्याच्या हातातच राहिली. त्या वाटेवर यंत्र कसे आले, त्याने कारखान्यात काय बदल केला, आणि आता ते आपल्या घराच्या भिंतीपर्यंत येऊन पोचले असता आपण त्याला कोणता प्रश्न विचारावा, एवढेच आज सांगावयाचे आहे. या विद्येला त्रिमित मुद्रण म्हणतात. बाजारात तिला थ्री-डी प्रिंटिंग या नावाने सारे ओळखतात.

प्रथम ही करणी काय आहे ते पाहू. वळूची आकृती संगणकात तयार करतात आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशा तिच्या आडव्या चकत्या पाडतात. वीत म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर, आणि चकतीची जाडी एक-पंचमांश मिलिमीटर धरली, तर एका वळूच्या १,००० चकत्या होतात. मग यंत्र खालून सुरुवात करते. पहिल्या चकतीत चार खुरांचे चार ठिपके. त्यावर पुन्हा चार, त्यावर पुन्हा चार. असे पाय वाढत वाढत पोटापर्यंत आले की एकाएकी मोठा लांबट आकार येतो. पुढे तो आक्रसत जातो, वशिंड उमटते, मान आणि तोंड पुरे होते, आणि शेवटी पुन्हा दोनच ठिपके उरतात, ती शिंगांची टोके. यंत्र एका वेळी एकच चकती काढते. त्याला वळू ठाऊक नसतो. त्याला फक्त आत्ताचा थर ठाऊक असतो. थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. येथे थराथराने बैल साचतो.

यात एक अडचण चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानी आलीच असेल. पोटाचा पहिला थर टेकवायचा कशावर? खाली तर हवा आहे. म्हणून यंत्राला पोटाखाली तात्पुरते टेकू उभारावे लागतात आणि काम झाल्यावर ते मोडून टाकावे लागतात. स्लॅब घालताना गवंडी खाली फळ्या आणि बल्ल्या लावतो, तोच प्रकार. नवे यंत्र आले तरी गुरुत्वाकर्षण जुनेच असते.

आता इतिहासाकडे वळू. थरांनी आकार करण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १८६० च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेम नावाच्या शिल्पकाराने माणसाला मध्ये उभे करून त्याच्याभोवती २४ कॅमेरे लावले, आणि त्या चोवीस छायाचित्रांच्या कडा जुळवून त्याचा पुतळा घडविला. १८९२ साली अमेरिकेत ब्लँथर नावाच्या गृहस्थाने उठावाचे नकाशे करण्याचे पेटंट घेतले. नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात. त्या रेषांबरहुकूम मेणाची पत्रे कापून एकावर एक ठेवली की डोंगर उभा राहतो, अशी त्याची युक्ती. कल्पना होती, उणीव होती ती हजार चकत्या न चुकता, न कंटाळता काढणाऱ्या हाताची. तो हात संगणकाने दिला.

यापुढची हकीगत मोठी बोधप्रद आहे, कारण एकच शोध जगात तीन ठिकाणी लागला आणि दोन ठिकाणी तो हातचा गेला. जपानमधील नागोया शहराच्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोदामा यांनी प्रकाश पडताच घट्ट होणाऱ्या पातळ राळेपासून थरावर थर देऊन वस्तू करून दाखविल्या. १९८० साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९८१ साली निबंधही प्रसिद्ध केला; पण पेटंटची पुढची कार्यवाही मुदतीत पुरी झाली नाही. फ्रान्समध्ये ल मेओते, द वित आणि आंद्रे या तिघांनी १६ जुलै १९८४ रोजी अर्ज केला. त्यांच्या मालकसंस्थेला यात काही धंदा दिसेना, म्हणून ते काम सोडून देण्यात आले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ८ ऑगस्ट १९८४ रोजी, अमेरिकेत चार्ल्स हल यांनी अर्ज केला. ११ मार्च १९८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले आणि जगाने जनक म्हणून त्यांचेच नाव लक्षात ठेवले.

हल हे अतिनील दिव्यांच्या एका कंपनीत नोकरीला होते. टेबलांच्या वरच्या पृष्ठावर राळेचा पातळ लेप द्यावा आणि तो त्या दिव्यांनी क्षणात वाळवावा, असे तेथले काम. एक थर वाळतो, तर त्यावर दुसरा का नको, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. ९ मार्च १९८३ रोजी त्यांनी पहिली वस्तू काढली, ती म्हणजे डोळे धुण्याची लहानशी वाटी. एवढ्याशा वाटीतून एक उद्योग उभा राहिला.

एकदा वाट सापडली की वाटसरू वाढतात. टेक्सस विद्यापीठात शिकणाऱ्या कार्ल डेकर्ड या तरुणाने राळेऐवजी भुकटी घेतली. भुकटीचा पातळ थर पसरावा आणि हवी तेवढीच जागा लेसरच्या किरणाने भाजून चिकटवावी, ही त्याची रीत. येथे टेकूची अडचण पुष्कळशी सुटली, कारण भोवतालची सुटी भुकटीच वळूच्या पोटाला आधार देते. १९८८ च्या सुमारास स्कॉट क्रंप यांनी आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करावयास घेतला. गरम डिंकाच्या पिचकारीत प्लॅस्टिक आणि मेणबत्तीचे मेण यांचे मिश्रण भरून त्यांनी तो थराथराने उभा केला. त्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची तार अंथरणारे यंत्र निघाले. आज शाळांतून दिसणारी बहुतेक यंत्रे याच जातीची. एमआयटी या संस्थेत इमॅन्युएल सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छपाईयंत्राच्या शाईऐवजी गोंदाचे थेंब भुकटीवर पाडले. त्रिमित मुद्रण हे नाव खरे म्हणजे या रीतीचे. पुढे ते साऱ्या कुटुंबाला चिकटले.

आरंभी कारखानदारांनी या यंत्राकडे नमुने करण्याचे साधन म्हणूनच पाहिले. नवा पंप किंवा गाडीचा नवा भाग काढावयाचा तर आधी कुशल कारागिराने लाकडाचा नमुना करावयाचा, त्यात आठवडे जावयाचे, आणि नमुना चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. कोल्हापूर-इचलकरंजीच्या ओतशाळांतील जाणत्या माणसाला या खटाटोपाची कल्पना आहे. नव्या यंत्राने हे काम दोन-चार दिवसांवर आले. पुढे ओतकामासाठी लागणारे वाळूचे साचेच गोंदाच्या थेंबांनी छापता येऊ लागले, तेव्हा लाकडी नमुन्याचीही गरज उरली नाही. आपल्याकडेही या विद्येचा अभ्यास लवकर सुरू झाला. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक करुणाकरन यांनी वेल्डिंगचे थर देऊन धातूचा आकार उभा करावा आणि मग तो तासून नेमका करावा, असा सुताराच्या आणि कुंभाराच्या वाटा एकत्र आणणारा मार्ग विकसित केला.

मग नमुन्यावरून गाडी प्रत्यक्ष वस्तूवर आली. याचे एक उदाहरण आपल्याच देशातले सांगतो. इस्रोच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे इंजिन पूर्वी १४ भाग जोडून होत असे. ते एकसंध छापून काढण्यात आले, आणि मे १९२४ नव्हे, शंभर वर्षांनंतरच्या मे २०२४ मध्ये ६६५ सेकंद चालवून त्याची चाचणी यशस्वी झाली. चौदा भागांचा एक भाग झाल्याने वेल्डिंगचे १९ सांधे वाचले. जुन्या पद्धतीत एका इंजिनाला ५६५ किलो धातू लागे, कारण त्यातील फार मोठा भाग तासून जाई. नव्या पद्धतीत १३.७ किलो भुकटी पुरली, आणि वेळही ६० टक्क्यांनी कमी झाला. त्याच महिन्यात, ३० मे रोजी, चेन्नईच्या अग्निकुल या कंपनीने एकसंध छापलेल्या इंजिनावर आपले यान श्रीहरिकोट्याहून उडविले. या आकड्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९ सांध्यांचा. यंत्र मोडते ते बहुधा सांध्याशी मोडते, हे मोटेच्या आणि गाड्याच्या काळापासून शेतकऱ्याला ठाऊक आहे.

वैद्यकातही हे यंत्र रुळले, कारण तेथे कोणतीही दोन गिऱ्हाइके सारखी नसतात. कानात बसवावयाच्या श्रवणयंत्राचे कवच, दातांच्या कामाचे साचे, अपघातात गेलेल्या जबड्याच्या जागी बसणारा टायटॅनियमचा तुकडा, ही ज्याच्या त्याच्या मापाची छापली जातात. याउलट, प्लॅस्टिकची बादली छापावयास बसणे हा वेडेपणा होईल. साच्यातून मिनिटागणिक बादल्या निघतात, तर छापील बादलीला तास मोजावे लागतील. हजारो सारख्या वस्तूंना साचाच बरा. एकट्या, अवघड, वेगळ्या वस्तूला मुद्रण बरे. हा विवेक ज्याला कळला त्याला या उद्योगाचे मर्म कळले.

२००५ साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांनी स्वतःचेच बरेच भाग छापू शकेल असे यंत्र करण्याचा आणि त्याचे आराखडे सर्वांना फुकट देण्याचा उपक्रम सुरू केला. २००९ साली क्रंप यांच्या पेटंटची मुदत संपली आणि यंत्रांच्या किमती झपाट्याने उतरल्या. लाखोंच्या घरातले यंत्र काही हजारांवर आले. आज अटल टिंकरिंग प्रयोगशाळा असलेल्या शाळांतून आपली मुले ते हाताळतात. त्या मुलांना एक प्रयोग सांगून पाहावा. छापलेली प्लॅस्टिकची पट्टी थरांच्या दिशेने ओढली तर ती दाद देत नाही. थर एकमेकांपासून सुटतील अशी ओढली, तर त्या मानाने चटकन तुटते. थरांनी केलेल्या वस्तूचे बळ थरात नसते, ते दोन थरांच्या मिलाफात असते. हे वाक्य ध्यानात ठेवून आता आपण घराकडे येऊ.

यंत्राने घर बांधण्याची हौस जुनीच. विजेच्या दिव्यामुळे घरोघरी नाव झालेल्या एडिसनने काँक्रीटचे अख्खे घर एका ओतात करण्याचा घाट घातला आणि १९१७ साली त्याचे पेटंटही मिळविले. न्यू जर्सीत अशी काही घरे उभी राहिली. पण बिडाचे साचे इतके जड, महाग आणि असंख्य तुकड्यांचे होते की योजना पुढे सरकली नाही. ओताऱ्याची वाट घराला मानवली नाही. १९३० नंतरच्या दशकात इंडियाना राज्यात विल्यम उर्शेल याने तिसरी वाट धरली. याचा मूळ धंदा फळे-भाज्या कापण्याची यंत्रे करण्याचा. त्याने मध्यभागी खांब रोवून त्याभोवती फिरणारे आणि काँक्रीटचा थर दाबत दाबत भिंत चढविणारे यंत्र केले. साच्याची गरजच ठेवली नाही. त्यालाही १९४४ साली पेटंट मिळाले, आणि तेही विस्मरणात गेले.

पुढे १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. तेथील विद्यापीठात बेहरोख खोशनेविस नावाचे मूळचे इराणी प्राध्यापक होते. भूकंपाने घराच्या भिंतींना पडलेल्या भेगा ते थापीने बुजवीत होते. हातातल्या साध्या थापीने पृष्ठ किती सफाईने गुळगुळीत होते, हे पाहून त्यांच्या मनात आले की नळीतून गारा सोडणाऱ्या यंत्रालाच थापी बसविली तर? त्यातून भिंत छापण्याची त्यांची रीत जन्मली. आजच्या घर छापणाऱ्या यंत्रांचे मूळ शोधू गेले तर ते पुष्कळ अंशी त्या भेगांत सापडते.

या यंत्राचे काम असे चालते. उंच चौकटीवर किंवा यांत्रिक हातावर एक तोटी असते. पंपाने आलेला सिमेंटचा गारा त्या तोटीतून जाड दोरीसारखा बाहेर पडतो आणि नकाशाबरहुकूम अंथरला जातो. सारी कसोटी त्या गाऱ्याची. नळीतून वाहण्याइतका तो पातळ हवा. बाहेर पडताच आकार धरण्याइतका घट्ट हवा. आणि वरचा थर येईतो त्याचे ओझे पेलण्याइतका पक्का हवा. वरचा थर फार लवकर आला तर खालचा बसतो. फार उशिरा आला तर खालचा वाळून जातो आणि दोहोंत मिलाफ होत नाही. घडी मिनिटांची असते.

आपल्या देशात ही रीत २०२० नंतर मूळ धरू लागली. डिसेंबर २०२० मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीने कांचीपुरम येथे सुमारे ७०० चौरस फुटांची दुमजली इमारत छापली. छपाईला १०६ तास लागले. एप्रिल २०२१ मध्ये मद्रासच्या आयआयटीच्या आवारात त्वस्ता या कंपनीने ६०० चौरस फुटांचे घर उभे केले. हे नाव वैदिक काळच्या कारागीर देवतेची, त्वष्ट्याची, आठवण करून देते. १८ ऑगस्ट २०२३ रोजी बंगळूरमध्ये १,०२१ चौरस फुटांचे छापील टपाल कार्यालय उघडले. ते दीड महिन्याच्या आत पुरे झाले होते. आणि आपल्या शेजारच्या तेलंगणात, सिद्दीपेटजवळ बुरुगुपल्ली येथे, त्याच वर्षी छापील देऊळ झाले; त्यातील गणपतीचा गाभारा मोदकाच्या आकाराचा आणि पार्वतीचा कमळाच्या आकाराचा आहे. फळ्यांच्या साच्याने असे वळणदार आकार करणे किती जिकिरीचे, हे गवंडी सांगतील.

मात्र एक गोष्ट वर्तमानपत्री मथळ्यांत हरवते. यंत्र छापते ती भिंत. पाया, छप्पर, दारे-खिडक्या, नळ, वीज ही कामे बहुतांशी पूर्वीसारखीच माणसांनी करावयाची असतात. तेव्हा "इतक्या तासांत घर" असे वाचले की "इतक्या तासांत भिंती" असे समजावे. सिमेंटही या गाऱ्याला जास्त लागते. म्हणून स्वस्ताईचा हिशेब घाईने मांडू नये.

आणि येथे, मित्रहो, आपल्याला आपल्याच जिल्ह्यातील एका पहाटेकडे वळले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावे उशिरा निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. हादरा सहा रिश्टरच्या थोडा वरचा. जगाच्या इतिहासात याहून कितीतरी मोठे भूकंप नोंदलेले आहेत. तरी हजारो माणसे गेली. ती जमिनीने मारली नाहीत. ती भिंतींनी आणि माळवदांनी मारली.

त्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या. त्यांच्या जाडीवर आपला केवढा विश्वास! पण आत पाहिले तर ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मध्ये माती व कपऱ्या. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वरती माळवद, पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून त्यावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर टाकावयाचा, ही पिढ्यांची वहिवाट. थरावर थर चढत गेले, ओझे वाढत गेले, आणि एकाही थराचा दुसऱ्याशी खरा मिलाफ नव्हता. हादरा आला तेव्हा भिंतीची दोन्ही अंगे सुटून वेगळी झाली आणि वरचे ओझे निजलेल्या माणसांवर आले. जेथे लाकडी खांब आणि तुळया यांचा सांगाडा धड होता, तेथे पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळूनही छप्पर उभे राहिले. सांगाड्याचे सांधे धरून होते, एवढेच त्याचे कारण.

तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. २००२ साली नकाशा सुधारून तो तिसऱ्या पट्ट्यात घालण्यात आला. बावन्न गावे नव्या जागी वसली. नव्या घरांत दारे-खिडक्यांच्या वरून साऱ्या भिंतींना एकत्र बांधणारा सळ्यांचा काँक्रीट पट्टा आला. उभ्या राहिलेल्या जुन्या भिंतींत आरपार भोके पाडून, सळी घालून, काँक्रीट भरून दोन्ही अंगे जोडण्याची रीत गवंड्यांना शिकविली गेली. फार मोठी किंमत देऊन मराठवाड्याने हा धडा घेतला: जाडी म्हणजे बळ नव्हे, बांधणी म्हणजे बळ.

आता योगायोग पाहा. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी नॉर्थरिजला भूकंप झाला, आणि तेथील एका घराच्या भेगांतून भिंत छापण्याची कल्पना निघाली. भूकंपातून जन्मलेल्या या यंत्राला भूकंपाचाच प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याइतका कोणाला असेल? छापील भिंतीही बहुधा दोन पातळ अंगांच्या असतात, मध्ये नागमोडी जोड असतो आणि पोकळी राहते. आडवा थर छापणाऱ्या यंत्राला उभी सळी सहजी घालता येत नाही. म्हणून त्या पोकळीत माणसांनी सळ्या उभ्या करून काँक्रीट भरावे लागते. हे काम चोख झाले तर भिंत भक्कम होते. वेळ वाचविण्याच्या नादात ते राहिले, तर आपण मातीऐवजी सिमेंटची, पण किल्लारीचीच भिंत पुन्हा बांधू.

म्हणून उद्या देवणीत, उदगिरात किंवा लातुरात कोणी छापील घर विकावयास आला, तर किती तासांत झाले हे त्याला विचारू नका. दोन थरांमध्ये किती वेळ गेला, ते विचारा. वैशाखातल्या आपल्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात उघडा थर चटकन सुकतो. त्याला पाणी कसे मारले, ते विचारा. उभ्या सळ्या कोठे आहेत, त्या पायात रुतल्या आहेत काय, ते विचारा. साऱ्या भिंतींना बांधणारा पट्टा आहे काय आणि छप्पर त्याला जखडले आहे काय, ते विचारा. या प्रश्नांची उत्तरे देणारे यंत्र आले तर त्याचे स्वागत करावे; न देणारे आले तर त्याला वेशीवरूनच परत पाठवावे.

आमच्या गवंड्यांचे काय, असे कोणी विचारील. मला वाटते, या यंत्राला जाणत्या गवंड्याची गरज अधिकच लागणार आहे. गारा हाताला कसा लागतो, ऊन चढल्यावर त्यात किती फरक पडतो, थर केव्हा धरला आणि केव्हा नाही, हे ज्ञान त्याच्या बोटांत आहे. त्या बोटांना नकाशा वाचावयास आणि यंत्र चालवावयास शिकविणे, हे आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे काम आहे. नाहीतर यंत्र येथे येईल आणि ते चालविणारा दुसरीकडून आणावा लागेल.

आरंभीच्या वळूकडे परत येऊन रजा घेतो. यंत्राला फक्त आत्ताचा थर ठाऊक असतो, असे मी म्हणालो. पूर्ण वळू कसा दिसतो, त्याच्या पोटाला टेकू कोठे लागतो आणि कोणता सांधा कच्चा राहील, हे ओळखणारा माणूसच असतो. १९९३ साली ज्या घरांतील माणसे पहाटे उठलीच नाहीत, त्यांच्या जिल्ह्यात तरी ही ओळख यंत्रावर सोपवून निश्चिंत होणे आपल्याला परवडणारे नाही.